यंत्रमानवाचा आवाज

मूळ सिनेमात यंत्रमानवाला आवाज त्यानेच दिला होता. पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं आणि त्याचं बोलणं कायमचं बंद झालं. आज तोच सिनेमा नव्या रूपात येत होता, म्हणून बायको हट्टाने त्याला पहिल्याच दिवशी घेऊन आली होती.

यंत्रमानव पडद्यावर बोलू लागला आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. "अहो, हा तर तुमचाच आवाज! जुनं रेकॉर्डिंग वापरलंय वाटतं." तिचे डोळे भरून आले. त्याच्या मात्र अंगावर सर्रकन काटा आला. यातलं एकही वाक्य तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. कुणीतरी त्याचा आवाज उचलला होता आणि आता त्या आवाजाकडून हवं ते वदवून घेत होतं.

मध्यंतर झालं. घरी एकट्या असलेल्या लेकीचा मेसेज येऊन पडला होता.



"बाबा, तुमचा आवाज परत आला! फोनवर ऐकून मला रडूच फुटलं. तुम्ही सांगितलंत तसं त्या काकांना दार उघडून आत बसवलंय."