हात न लावता

"हवेत हातवारे करून कुणाचं पोट भरलंय का?" असं रोज म्हणणारे बाबा आज चष्मा शोधायच्या निमित्ताने माझ्या खोलीत आले आणि माझ्या मागच्या कपाटाशी घुटमळले. माझ्या वाद्याला हात लावायचाच नसतो. त्याच्या दांडीजवळ हवेत हात फिरवला की ते वाजतं, पण शेजारी दुसरं कुणी हललं तरी सूर हलतो.

सिनेमाचं नवं गाणं स्पीकरवर लावून मी साथ करत होते आणि त्याचे संगीतकार फोनवरून ऐकत होते. ध्रुवपद आलं आणि सूर डळमळला.

"थांब, वायर सैल असेल," कानातल्या फोनवर संगीतकार म्हणाले.

"वायर ठीक आहे. सूर अगदी तालात हलतोय," मी मागे न बघता कुजबुजले. "आता थांबता नाही यायचं. बाबा नाचतायत."