घरी भरलेल्या गोळ्या

रायफलच्या वीस गोळ्यांचा डबा आता दुकानात पन्नास डॉलरला झालाय. बंदुकीची दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्याही महागल्यात, तरी मी रिकाम्या काडतुसांत दारू भरून गोळ्या घरीच बनवतो. माझ्या हातची गोळी लेकीच्या बंदुकीत जाते, हे सुख काही विकत मिळत नाही.

काल रेडिओवर पाद्रीबाबांनी प्रवचन असं काही आळवून गायलं, की मी डोलत डोलतच लेकीचा, डार्लाचा, डबा भरला. आज मायलेकी हरणाच्या शिकारीला गेल्यावर टेबल आवरताना पाहतो, तर रायफलच्या दारूचं सील शाबूत! म्हणजे सगळ्या गोळ्यांत मी पिस्तुलाची, झटक्यात भडकणारी दारू भरली होती. पहिल्याच बाराला बंदूक तोंडावर फुटणार होती.

देवाचा धावा करत मी टेकडी चढलो. झाडाखाली डार्ला बंदूक घेऊन बसलेली दिसली.

"डार्ला, चाप ओढू नकोस!"

"पपा! ओरडून सगळी हरणं पळवलीत ना?"

"आधी गोळ्या काढ. चुकीची दारू पडलीय माझ्या हातून."

ती ओशाळून हसली. "या दुकानातल्या आहेत. तुमच्या गोळ्यांची मला भीतीच वाटते, पपा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही."

वाईट कसलं! तिला मिठी मारून मी रडलो. "मग माझा डबा कुठाय, बाळा?"



"नेहमीसारखा आईला दिला. तिला तुमच्याच हातच्या लागतात. वरच्या कड्यावर बसलीय ती."