पांढरा डाग

"बुरशी," फेबियन म्हणाला. सुमेधच्या कॅमेऱ्याची लेन्स त्याने ट्यूबलाइटसमोर धरली होती. "वसईची हवा, साहेब. इकडे खाडी, तिकडे मिठागरं. लेन्सला बुरशी धरणारच. बॉडी ठणठणीत आहे. लेन्स बदला."

"काय पण सांगतो!" ॲलिस्टर स्टुलावरून म्हणाला. तो लग्नांचे फोटो काढायचा आणि गास गावापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत लोक आपल्याला सर म्हणतात, असं स्वतःच सांगायचा. "बुरशीने अख्खा फोटो धुरकट येतो. हा एकच डाग आहे. फ्लॅश आणि शटर जुळत नाहीयेत. बॉडी गेली, सुमेध. बॉडी घे."

फेबियनच्या स्टुडिओतल्या काचेच्या कपाटात एक लेन्स कधीची पडून होती. ॲलिस्टरला आपली जुनी बॉडी काढून टाकायची होती. ज्याला जे विकायचं होतं, नेमकं तेच सुमेधच्या कॅमेऱ्यात बिघडलं होतं. हे फक्त त्याच्या बायकोच्या, लतिकाच्या लक्षात आलं. ती नऊ महिन्यांच्या उन्नतीला कडेवर घेऊन उभी होती. दुसऱ्या स्टुलावर नवऱ्याची कॅमेऱ्याची बॅग बसली होती.

काउंटरवर बोरनहाणाचे फोटो पसरले होते. काळं झबलं, हलव्याचे दागिने, केसांत अडकलेले चुरमुरे. फ्लॅशने उन्नतीचा उजवा डोळा लाल आला होता आणि डावा पांढरा. अंधारात मांजराचा चमकतो तसा.

"अहो, पण कॅमेराच बिघडला असेल कशावरून?" लतिका म्हणाली.

"लतिका, प्लीज. टेक्निकल आहे हे."

तिने पर्समधून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. "हा आपल्या शेजारच्या हंसाबेनच्या कॅमेऱ्याने काढलेला. ह्यातही तसंच आलंय."

ॲलिस्टरने तो दोन बोटांनी उचलला, उतरलेली मासळी उचलावी तसा. "वहिनी, त्यांच्याकडे कॅमेरा आहे की साबणाची डबी?"

तिघेही हसले. सुमेध जरा जास्तच.

"डबी असू दे," लतिका म्हणाली. "डबीची लेन्स वेगळी, बॉडीपण वेगळी. मग डाग तोच कसा? आणि दर वेळी डाव्याच डोळ्यात कसा?"

फेबियनने एकदा ट्यूबलाइटकडे पाहिलं. "रिफ्लेक्शन," तो म्हणाला.

"रिफ्लेक्शन," ॲलिस्टरने मान डोलावली. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"घरीपण हेच चालतं," सुमेध त्यांना सांगू लागला. "बघावं तेव्हा टॉर्च घेऊन पोरीच्या डोळ्यांत बघत बसलेली असते. आई म्हणाली, काजळ कमी घाल, तर तेही ऐकायचं नाही. बी.एस्सी. आहे ना!" मग थांबून, "बॉटनी," असं तो म्हणाला आणि तिघे पुन्हा हसले.

लतिका हसली नाही. रागावलीही नाही. पावाच्या रांगेत कुणी भलतंच बोलायला लागलं की माणूस समोर बघत राहतो, तशी ती बघत राहिली.

"बरं, नवीन काय घ्यायचं ते घ्या, पण हा फोटो कशाला वाया घालवता?" फेबियनने बोरनहाणाचा एक फोटो पुढे ओढला. "गावाला आजीकडे पाठवायचाय ना? हे आपलं रोजचं काम आहे." त्याने बारीक ब्रश लाल शाईत बुडवला, कागदाचा कपटा फाडला आणि चांगल्या डोळ्यावर शाई उडू नये म्हणून तो कपटा उजव्या डोळ्यावर दाबून धरला.

फोटोत आता पांढरा डोळाच तेवढा उरला. तो कुणाकडेच बघत नव्हता.

लतिकाने कपट्याकडे पाहिलं. मग आपला तळहात उचलून उन्नतीच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

पोरीने मान झटकली, किंचाळली, आईच्या हातावर नखं ओढली.

"अगं, काय चाललंय तुझं? बाहेर घेऊन जा तिला. इथे महत्त्वाचं बोलणं चाललंय!"

तिने हात काढला. उन्नती गप्प झाली. मग लतिकाने डावा डोळा झाकला. उन्नतीला पत्ताच नाही. ती फेबियनच्या हलणाऱ्या ब्रशकडे टक लावून बघत राहिली.

पुन्हा उजवा. पुन्हा किंकाळी.

"झालं!" फेबियनने फोटोवर फुंकर मारली. "बघा. दोन्ही डोळे एकसारखे."

"एक नंबर," ॲलिस्टर म्हणाला.

"अहो," लतिका म्हणाली, "हात द्या इकडे."

"कशाला?"

तिने त्याचा हात धरून लेकीच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. उन्नती असं रडली की रस्त्यावरचा एक रिक्षावाला आत डोकावला. मग लतिकाने तोच हात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला.

रडणं थांबलं. गालावर ओघळ तसेच, आणि बापाच्या तळव्याखालून उन्नती ब्रशकडे बघून हसली, तो धरायला तिने हात पुढे केला.

सुमेधचा हात तिथेच राहिला.

"मग काय साहेब," फेबियन ब्रश पुसत म्हणाला, "बॉडी की लेन्स?"

ॲलिस्टर आपल्या बुटांकडे बघू लागला.

लतिकाने हंसाबेनच्या डबीतला फोटो पर्समध्ये ठेवला. शाई लावलेला काउंटरवरच राहू दिला. मग लेकीच्या डोळ्यावरचा तो हात तिने बाजूला केला, वाटेतली खुर्ची सरकवावी तसा, आणि पायरी उतरून रिक्षावाल्याला म्हणाली, "डोळ्यांच्या दवाखान्यात."

रिक्षात बसल्यावर तिने एकदाच मागे वळून पाहिलं.

"तुमचं ठरलं की या."