गुरुप्रसादसाठी गाऱ्हाणे

आमदारांनी गाडीतून उतरता उतरता गुरुप्रसादच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या सत्यवानाचा स्वतःचाच खांदा हलका पडला. तो हात किती जड असतो, हे त्याला ठाऊक होते. माणूस वेगळा, पक्ष वेगळा. पण हात तोच.

काल निकाल लागला. राज्यातले सरकार गेले, आणि त्याबरोबर सत्यवानाचा आमदारही. इतकी वर्षे ज्याच्या गाडीत सत्यवानाची जागा ठरलेली, त्याचा फोन सकाळपासून बंद होता. आणि आता नवे आमदार बाजारातून वाजतगाजत देवळात आले होते. त्यांच्या बरोबरीने सत्यवानाचा हा धाकटा चुलतभाऊ गुरुप्रसाद, कानाच्या पाळीपर्यंत गुलालाने माखलेला.

दोघांची घरे समोरासमोर, मध्ये एकच अंगण, सारवलेले खळे. सकाळपासून माणसे त्या खळ्यात शिरत होती आणि सत्यवानाच्या दाराकडे मान न वळवता पलीकडे जात होती. त्यांच्या चहासाठी यशोदाने, सत्यवानाच्याच बायकोने, आपली मोठी किटली तिकडे देऊन टाकली. "तेंनी किटली मागल्यानी. नाय कशी म्हणू?" ती म्हणाली. किटली गेली तेव्हा सत्यवानाला जेवढे लागले, तेवढे निकालानेही लागले नव्हते.

"दादानू, चला," गुरुप्रसाद म्हणाला. "गाऱ्हाणा घालूचा आसा. साहेब थांबलेत."

"तूच घाल. आता सगळा तुझाच आसा."

"असा कसा? मान थोरल्याचो. सरकार बदलला म्हणान गाऱ्हाणा घालणारो बदलता काय?"

"गेल्या खेपेक तुमच्या आमदारासाठी बरा खणखणीत घातल्यात, सत्यवानानू," मागून गावातला गणपत म्हणाला. "फळ दिसलाच!"

माणसे हसली. आमदारही हसले. सत्यवानाने नारळ हातात घेतला आणि देवाकडे तोंड केले. तो एकेक मागणे मागणार आणि माणसे 'होय म्हाराजा' म्हणून ते देवाकडे पक्के करणार, हेच गाऱ्हाणे.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत."

"होय म्हाराजा!"

"ह्या नव्या आमदाराक यश दे. गावाचो रस्तो, गावाचा पाणी तेच्या हातसून होवंदे."

"होय म्हाराजा!"

आवाज मोकळा लागला होता. समईच्या ज्योती हलत होत्या. सत्यवानाने डोळ्याच्या कडेने पाहिले. गुरुप्रसाद हात जोडून, डोळे मिटून उभा. कपाळावरचा गुलाल घामाबरोबर नाकावर ओघळलेला. बोहल्यावर उभा केलेला नवरा दिसतो तसा तो दिसत होता.

"आणि म्हाराजा, हो तुझो गुरुप्रसाद..." जीभ अडली. सुटली. "जा माका दिलंस, ता तेका दे."

"होय म्हाराजा!"

"माझ्या दारात जशी माणसा इली, तशीच तेच्या दारात येवंदेत."

"होय म्हाराजा!"

"आणि माझ्या दारातसून जशी..."

तो थांबला. तोंडाशी आलेला शब्द त्याने गिळला. देवाच्या डोळ्यांकडे बघायचे त्याने टाळले. पण गाऱ्हाण्याला ताल असतो, आणि त्या तालाला लागलेली माणसे शब्दाची वाट बघत नाहीत.

"होय म्हाराजा!" देऊळ दणाणले. सगळ्यांच्या वर आवाज गुरुप्रसादचा होता.

नारळ फुटला. आमदारांना पुढच्या गावी जायचे होते. माणसे घाईने पायऱ्या उतरली. गुरुप्रसादही उतरला, अर्ध्यावर थबकला आणि एकटाच परत वर आला.

"दादानू, शेवटाक काय मागलात तुम्ही?"

"कसला?"

"ता... अर्धा रवला ता."

सत्यवानाने खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटे त्यावर नीट मिटवली, लहान पोराची मिटवावी तशी.

"मी खंय मागलंय रे?" तो हळूच म्हणाला. "होय म्हटलंस ता तू."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. गुरुप्रसादने मूठ उघडली. प्रसाद त्याला तोंडात टाकवेना, आणि देवासमोर खालीही ठेववेना.