शनिवारचा अख्खा दिवस

शेंगा सोलताना सरकारी वकील सुनंदा टिपणीस टरफल डाव्या अंगठ्याने दाबत. त्या स्वतः डावखुऱ्या नव्हत्या; ही सवय एका सात वर्षांच्या मुलीची होती.

अत्याचार झालेल्या मुलांना साक्षीला उभं करायचं नाही, असा कायदा होता. मुलाच्या मेंदूतला तो दिवस काढून वकिलाच्या मेंदूत ठेवत. साक्ष वकील देई, मूल विसरून जाई. दिवस अर्धा काढता येत नसे. सुनंदाबाईंकडे असे एकोणचाळीस दिवस होते. उद्या त्या निवृत्त होणार आणि ते सगळे पुसले जाणार. त्याआधी, मोठं झालेलं मूल आपला दिवस परत मागू शके.

ती मुलगी, मृदुला भोईर, आता पंचवीस वर्षांची होती. चार वर्षांत पाचव्यांदा ती समोर बसली होती.

"सकाळचं सांगा ना, मॅडम."

"बाबा जहाजावरून एका दिवसाच्या सुट्टीवर आले होते. होडी रंगवताना त्यांनी तुझ्या नाकाला निळा रंग लावला. गात होते, अगदी बेसूर."

"आई म्हणते, गोड गळा होता."

"आईचं काय ऐकतेस!"

दोघी हसल्या. त्यानंतर बाबा कधी परतले नव्हते. त्याआधी ते जहाजावर गेले तेव्हा मृदुला तान्ही होती, त्यामुळे तिला त्यांचा चेहराही आठवत नव्हता. सुनंदाबाईंना मात्र ती सकाळ स्वतःच्या लहानपणाइतकी जवळची होती.

"दुपारी तो शेजारी आला," त्या म्हणाल्या. "सकाळ घेतलीस तर दुपारही येईल."

"तुम्ही अठरा वर्षं सांभाळलीत ना?"

"मी मोठी होते गं."

मृदुलाने एक शेंग उचलून डाव्या अंगठ्याने दाबली.

"मीही आता मोठी आहे, मॅडम. अख्खा दिवस परत द्या."