फोटोंचे फोल्डर

कंपनीच्या वेबसाइटवर आम्हा घरच्या संचालकांचे फोटो आहेत. त्यांतला एक बदलायचा, तरी साइट चालवणारे सगळे जावा ॲप्लिकेशन नव्याने बांधून सर्व्हरवर चढवावे लागे. साइट सांभाळणाऱ्या सुनेला मी बजावले, "दर वेळी तुझ्या पाया पडायला मला सवड नाही. माझं मला बदलता आलं पाहिजे."

दोन दिवस खपून तिने सगळे फोटो ॲप्लिकेशनबाहेरच्या एका फोल्डरमध्ये आणले. "आई, आता कोडला हात लावायला नको. त्याच नावाची नवी फाइल यात टाका, की साइटवर नवा फोटो. करून बघा ना, चुकलात तर मी आहेच."

मी एक फाइल टाकली. तिने पान पुन्हा उघडले. माझ्या मुलाच्या फोटोशेजारी, सुनेच्या नावावर, दुसरीच बाई हसत होती.

"अगंबाई, ही कोण? मीच दिलेला फाइलचा पाथ कुठेतरी चुकला वाटतं," म्हणत ती घाईघाईने सेटिंग तपासू लागली.

"काम चोख आहे तुझं," मी म्हणाले. "ही त्याची होणारी बायको. महिनाभर तुला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. म्हटलं, मीच दाखवते."