लाडलचं दुसरं टोक

सांगलीजवळच्या फाउंड्रीच्या फाटकावर भरदुपारी टाळेबंदीची नोटीस लागली आणि कामगार हातमोजे फेकून बाहेर पडले. जालिंदर मात्र अर्ध्यातून मागं फिरला. भट्टीत लोखंडाचा रस तयार होता. तो आतच गोठला, तर भट्टी कायमची बाद होणार होती. “मालकाचा लय पुळका आलाय व्हय रं?” कृष्णात फाटकातून ओरडला. रस ओतायच्या, दोन्ही बाजूंनी दांड्या असलेल्या लाडलच्या एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला तो, असं दोघांचं तरुणपण सरलं होतं. “मालक गेला खड्ड्यात! भट्टी आपली हाय,” म्हणत जालिंदरनं ती कलवून पहिलं लाडल भरलं, पण एकट्याला उचलेना. रसाची लाली उतरू लागली. बाहेर घोषणांचा जोर चढला. तो आपली दांडी धरून तसाच वाकून राहिला. एवढ्यात समोरचं टोक वर आलं. “शिव्या मागनं घालतो,” कृष्णात गुरकावला, “आदी रस वतू, गड्या.”